तुपाची बरणी आणि १०० मिली: एका नियमाचं पूर्ण प्रकरण

मागच्या डिसेंबरात मावशीला तिच्या लेकीकडे एडिनबराला पोचवायला मी सोबत गेलो होतो. मावशी ७१ वर्षांची, पहिलाच परदेश प्रवास, आणि हँडबॅगेत हॉर्लिक्सच्या जुन्या काचेच्या बरणीत घरी कढवलेलं तूप. मला आधी कळलं असतं तर मी ते मोठ्या बॅगेत टाकलं असतं पण तिचं म्हणणं ते लोक बॅगा आपटतात, बरणी फुटेल, म्हणून बाईंनी ती जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून मला न सांगता स्वतःजवळ ठेवलेली.

सिक्युरिटीला ट्रे आत गेला, बेल्ट थांबला, मागे आला, परत पुढे गेला, आणि पलीकडच्या पोराने बॅग बाजूला काढली. "माताजी, ये नहीं जाएगा." का नाही? "लिक्विड है." आता नाशिकच्या थंडीत थिजलेलं रवाळ तूप, वर विमानतळावरचा एसी, दगड झालेला त्याचा. मावशीने बरणी त्याच्या तोंडासमोर सरळ उलटी धरली, म्हणाली बघ, हलतंय का? तो हसला, म्हणाला जेल में आता है माताजी, सौ एमएल से ऊपर अलाउड नहीं. मावशी मग हिंदीत उतरली, "अरे बेटा घर का तूप है, बॉम्ब नहीं है," आणि तो शब्द पडल्याबरोबर आजूबाजूची चार माणसं गर्रकन वळली, पोराचं हसू गेलं, मी तिचा दंड धरून तिला मागे ओढली. बरणी त्याने उचलून शेजारच्या निळ्या ड्रममध्ये टाकली, ज्यात आधीच पाण्याच्या बाटल्या, शॅम्पू, परफ्यूम, कोणाचं तरी कैरीचं लोणचं असा खच पडलेला. ठण्ण असा आवाज आला.

गेटवर बसल्यावर बराच वेळ ती गप्प होती आणि मग म्हणाली, "मला एक सांग, त्याला खरंच वाटत होतं का त्यात काही आहे म्हणून? वाटत असेल तर एवढी माणसं लाईनीत उभी असताना तिथल्या तिथे ड्रममध्ये कसं काय टाकलं? आणि वाटत नसेल तर घेतलं कशाला?"

मी काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं. पण प्रश्न डोक्यातून जाईना, त्यामुळे आल्यावर बसून या १०० मिलीच्या नियमाची सगळी कुंडली काढली. विमानतळावरची सुरक्षा धोक्याच्या मानाने बरोबर आहे का जास्त आहे, असं मोघम विचारलं की मोघमच उत्तर मिळतं, त्यापेक्षा एकच नियम धरून शेवटपर्यंत जाऊ या.

प्रकरण काय होतं

१० ऑगस्ट २००६, पहाट. लंडन, हाय विकम आणि बर्मिंगहॅम इथून ब्रिटिश पोलिसांनी रातोरात दोन डझनाच्या आसपास माणसं उचलली. या तपासाचं पोलिसी नाव ऑपरेशन ओव्हर्ट. डाव असा होता की हीथ्रोवरून अमेरिका आणि कॅनडाला जाणारी विमानं अटलांटिकवर असताना एकाच सुमारास उडवायची, आणि स्फोटक न्यायचं ते साध्या सॉफ्ट ड्रिंकच्या बाटल्यांतून, हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारलेलं मिश्रण, बाटलीचं सील वरून जसंच्या तसं. पोलिसांना एका मेमरी स्टिकवर सात विमानांची माहिती सापडली, सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो, मॉन्ट्रियल, शिकागो (दोन), वॉशिंग्टन, न्यूयॉर्क.

डाव खरा होता. हे आधीच सांगून टाकतो कारण अशा विषयावर लिहायला लागलं की काही लोक लगेच "सगळा बनाव आहे" वर येतात. २००८ च्या पहिल्या खटल्यात ज्यूरीने खुनाच्या कटासाठी तिघांना दोषी धरलं पण विमानांच्या मुद्द्यावर एकमत झालं नाही, मग २००९ मध्ये परत खटला चालला आणि त्यात अब्दुल्ला अहमद अली, असद सरवर आणि तन्वीर हुसेन हे विमानं पाडण्याच्या कटात दोषी ठरले. अलीला किमान ४० वर्षं, सरवरला ३६, हुसेनला ३२.

आता हे सापडले कसे ते नीट बघा, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. अली जून २००६ मध्ये पाकिस्तानातून परत आला तेव्हा त्याच्यावर आधीपासून नजर होती म्हणून त्याचं सामान गुपचूप उघडून बघितलं गेलं, त्यात सरबताची पावडर आणि बॅटऱ्या एवढं काय काय निघालं, सामान परत बंद करून त्याला जाऊ दिलं आणि माग सुरू केला. पुढे पूर्व लंडनमध्ये वॉल्थमस्टोच्या फॉरेस्ट रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये गुप्तचरांनी लपवलेला कॅमेरा आणि माईक बसवले, आणि बाटल्यांना भोकं पाडायचे प्रयोग त्या कॅमेऱ्यात दिसले. पाकिस्तानात या कटाचा तिकडचा दुवा मानला जाणारा राशिद रौफ पकडला गेला तसं इकडे थांबणं अवघड झालं, रात्रीतून धाडी पडल्या. तोवर तिकिटंही काढलेली नव्हती. म्हणजे यातला एकही माणूस बाटली घेऊन एक्स-रेच्या पट्ट्यापर्यंत पोचलाच नाही, ट्रे, बेल्ट, फ्रिस्किंग यांचा या पकडण्याशी काडीचा संबंध नाही. माणसं सापडली ती माणसांवर लक्ष ठेवून, बाटल्यांवर नाही.

मग काय केलं

त्या दिवशी हीथ्रोवर जे झालं ते ज्यांनी बघितलं ते अजून सांगतात. ऐन उन्हाळी सुट्टीचा हंगाम, आणि सकाळी उठून कळतंय की हातात काहीही न्यायचं नाही, फक्त पासपोर्ट, पैशाचं पाकीट आणि औषधं वगैरे अगदी गरजेचं, तेही पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत. बाळाचं दूध न्यायचं असेल तर आईने तिथेच समोर चाखून दाखवायचं. शेकडो विमानं रद्द.

आणि मी म्हणेन ते बरोबर होतं. त्या सकाळी कोणालाच माहीत नव्हतं की अजून एखादी टोळी बाहेर फिरतेय का, आणि तेव्हाच्या एक्स-रे मशीनला पाण्याची बाटली आणि पेरॉक्साइडची बाटली यात खात्रीने फरक करता येत नव्हता. अशा वेळी सरसकट बंदी घालणं हा धोक्याच्या मानाने जास्तीचा उपाय नाही, मी तिथला अधिकारी असतो तरी तेच केलं असतं.

पण सरसकट बंदी कायम चालणार नव्हती, त्यामुळे तडजोड निघाली. अमेरिकेत २६ सप्टेंबर २००६ पासून आणि युरोपात ६ नोव्हेंबर २००६ पासून १०० मिलीच्या डब्या, सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत, माणशी एक पिशवी. मग तेच जगभर पसरलं आणि आपल्याकडच्या आंतरराष्ट्रीय फ्लाईटांनाही आलं. नियम डबीच्या आकाराचा आहे, आतल्या मालाचा नाही. २०० मिलीच्या ट्यूबमध्ये तळाला बोटभर क्रीम उरलेलं असेल तरी ती ट्यूब ड्रममध्ये जाते. उलट १०० च्या दहा डब्या चालतात, आणि बरोबर चार मित्र असतील तर त्यांच्याही चाळीस. सुरक्षेच्या बाजूचे लोक यावर म्हणतात की आतमध्ये बसून डब्या एकत्र करणं वाटतं तितकं सोपं नाही, छोट्या प्रमाणात विमान पडेल असा स्फोट जमणं अवघड आहे, आणि मला ते पटतं. नियम मूर्खपणाचा आहे असं माझं म्हणणंच नाही. माझं म्हणणं त्याच्या वयाबद्दल आहे.

आधीची बारा वर्षं

कारण द्रवरूप स्फोटकाची कल्पना २००६ ची नाही. ११ डिसेंबर १९९४ ला फिलिपीन एअरलाइन्सच्या ४३४ नंबरच्या विमानात रमझी युसेफ या अतिरेक्याने असाच छोटा बॉम्ब सीटखाली ठेवला आणि मधल्या स्टॉपला तो उतरून गेला, स्फोटक नेलेलं कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याच्या बाटलीतून. एक जपानी प्रवासी गेला, पायलटने जखमी विमान कसंबसं ओकिनावाला उतरवलं. ती तालीम होती, खरा डाव डझनभर विमानांचा होता आणि तो मनिलातल्या एका फ्लॅटला आग लागली म्हणून जानेवारी १९९५ मध्ये उघडा पडला. परत फ्लॅटच बघा.

म्हणजे १९९५ पासून सगळ्या जगाला माहीत होतं की हे होऊ शकतं, माणूस मेलाही होता, तरी पुढची ११ वर्षं हातात पाण्याची दोन लिटरची बाटली घेऊन कोणीही कुठेही जात होतं. आणि २००६ मध्ये एकही बॉम्ब विमानापर्यंत पोचला नाही तर पुढची १८-१९ वर्षं अर्ध्या जगाचा शॅम्पू ड्रममध्ये. धोका तोच, पद्धत तीच, आता यातला एक काळ धोक्याच्या मानाने बरोबर असेल तर दुसरा नाही, दोन्ही बरोबर असू शकत नाहीत. नियम धोका मोजून आलेला नव्हता, नियम बातमी बघून आला होता.

बुटांचं तसंच. रिचर्ड रीडने डिसेंबर २००१ मध्ये पॅरिस-मायामी विमानात बुटातला बॉम्ब पेटवायचा प्रयत्न केला, तो प्रवाशांनी आणि केबिन क्रूने त्याला आवळून धरल्यामुळे फसला, आणि अमेरिकेत सगळ्यांना बूट काढायला लावणं सक्तीचं झालं २००६ मध्ये, तेही याच ऑगस्टच्या धामधुमीत. मग २००९ च्या ख्रिसमसला एकाने अंतर्वस्त्रातून आणलं. पुढे काय काढायला लावणार होते देव जाणे. आपल्याकडे साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच, फरक इतकाच की साप जिथे मागच्या वेळी दिसला तिथलीच भुई.

हिशोब

आता खर्च. पैशाचा बाजूला ठेवू, वेळेचा बघू. २०१९ मध्ये जगभरात साधारण ४५० कोटी विमान प्रवास झाले. समजा या एका नियमामुळे प्रत्येक प्रवासामागे सरासरी एकच मिनिट जास्त गेलं, पिशवी काढा, ट्रेमध्ये ठेवा, पुढच्याची बॅग परत स्कॅन होतेय तोवर थांबा. हे एक मिनिट मी धरलेलं आहे, तुम्ही अर्धं धरा. ४५० कोटी मिनिटं म्हणजे साडेसात कोटी तास, म्हणजे साडेआठ हजार वर्षं. सत्तर वर्षांचं आयुष्य धरलं तर सव्वाशेच्या आसपास अख्खी आयुष्यं, दरवर्षी, फक्त लाईनीत. अर्धं मिनिट धरलं तरी साठ.

हा हिशोब गमतीचा वाटेल पण याचा एक गंभीर भाऊ आहे. अमेरिकेत ११ सप्टेंबरनंतर लोक विमान सोडून गाडीने जायला लागले, आणि गाडी विमानापेक्षा कितीतरी धोक्याची. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर यांच्या अंदाजाप्रमाणे त्यानंतरच्या वर्षभरात रस्त्यावर साधारण दीड हजार माणसं जास्तीची मेली. ते भीतीमुळे. पण नुसत्या कटकटीमुळेही मरतात. कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्लॅलॉक, कडियाली आणि सायमन या तिघांनी काढलं की २००२ च्या शेवटच्या तीन महिन्यांत सामान तपासणीचा वैताग नको म्हणून जे लोक गाडीने गेले त्यातले अंदाजे १२९ अपघातात गेले. सुरक्षेच्या उपायाने मारलेली माणसं, पण यांची नावं कुठल्या स्मारकावर नाहीत कारण ती कोण हे कोणालाच सांगता येणार नाही.

आणि बदल्यात मिळतं काय? २०१५ मध्ये अमेरिकेत सरकारच्याच माणसांनी नकली बॉम्ब आणि हत्यारं घेऊन चेकपॉइंट पार करायचे ७० प्रयत्न केले, त्यातले ६७ पार झाले. सत्तरात सदुसष्ट! तरी विमानं पडत नाहीत, याचा अर्थ तपासणी निरुपयोगी असा नाही, काही लोक नुसती मशीन बघूनच बेत बदलत असतील, पण ज्या जाळ्यातून इतकं निसटतं तिथे तूपबरण्या पकडून आपण नक्की काय मिळवतो हा प्रश्न राहतोच.

जॉन म्युलर आणि मार्क स्टुअर्ट हे दोन अभ्यासक वर्षानुवर्षं असाच हिशोब मांडतायत. त्यांच्या गणितात कॉकपिटचं मजबूत दार हा उपाय वसूल ठरतो, वर्षाला ४ कोटी डॉलरच्या घरात खर्च आणि विमान पळवून आदळण्याचा रस्ताच बंद. विमानात साध्या वेशात बसणारे सशस्त्र मार्शल मात्र, ज्यावर वर्षाला ९० कोटी डॉलरच्या आसपास जातात, कुठल्याच हिशोबाने वसूल होत नाहीत. (दारालाही किंमत आहेच. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने त्याच दाराला आतून कडी घालून कॅप्टनला बाहेर ठेवलं आणि १५० माणसं डोंगरावर नेऊन आदळली. फुकट काहीच मिळत नाही.)

मावशीच्या ड्रमचा प्रश्नही इथेच येतो. लाईन हाच एक धोका आहे. मॉस्कोच्या दोमोदेदोवो विमानतळावर जानेवारी २०११ मध्ये स्फोट झाला तो आगमनाच्या हॉलमध्ये, ब्रसेल्सला मार्च २०१६ मध्ये चेक-इनच्या काउंटरपाशी, त्याच वर्षी जूनमध्ये इस्तंबूलला टर्मिनलच्या दारात. तिन्ही ठिकाणी मारेकऱ्यांना विमानात जायचंच नव्हतं. चेकिंग जितकं हळू तितकी अलीकडे गर्दी दाट, आणि त्या गर्दीची १०० मिलीची पिशवी कोणी बघत नाही.

महिनाभर आधी, मुंबईत

आता एक तारीख सांगतो जी हीथ्रोच्या गोष्टीत कधीच येत नाही. ११ जुलै २००६. बरोबर तीस दिवस आधी. पश्चिम रेल्वेवर संध्याकाळच्या गर्दीत, ११ मिनिटांत ७ स्फोट, सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत, माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत. १८० हून जास्त माणसं गेली, आठशेच्या वर जखमी. हा फसलेला डाव नव्हता, झालेला होता. (आणि त्याचा न्याय काय, तर जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या सगळ्या १२ जणांना निर्दोष सोडलं. केलं कोणी, १९ वर्षांनंतरही पाटी कोरी.)

मग लोकलमध्ये काय बदललं? दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू होत्या. पुढे २००८ ला परत माणसं मेली ती समुद्रातून आलेल्या दहा जणांच्या गोळ्यांनी, सीएसटीवर, हॉटेलांत. आज शहरातल्या एका मोठ्या स्टेशनात मी रोज ज्या मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जातो ती प्रत्येक माणसाला वाजते, सगळ्यांनाच वाजते, त्यामुळे कोणी वर बघत नाही, आणि बाजूने जायला सहा फूट मोकळी जागा आहे.

यावर सोपं उत्तर असतं की लोकलने रोज ७० लाखांच्या वर लोक जातात, प्रत्येकाला तपासलं तर विरारची ८.०५ रात्री सुटेल. खरं आहे. पण मग मान्य करा की किती तपासायचं हे धोक्यावर ठरत नाही, कुठे थांबवता येतं यावर ठरतं. विमानतळाला एक गळा आहे, तिथे पट्टा लावता येतो, आणि विमानातला प्रवासी सहन करतो. लोकलवाला सहन करणार नाही कारण त्याचं मस्टर चुकेल. आणि धोक्याचंच म्हणाल तर मुंबईच्या रेल्वे रुळांवर आणि गाड्यांतून पडून दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसं मरतात, कुठल्याही अतिरेक्याविना. त्यांच्यासाठी रातोरात जगभर नियम बदलल्याचं ऐकलंय कोणी?

दुसरी बाजू मी झाकत नाही. विमानाचं वेगळं आहे. डब्यात स्फोट झाला तर डबा जातो, विमानात झाला तर सगळे जातात. २३ जून १९८५, एअर इंडियाचं कनिष्क, ३२९ माणसं, आयर्लंडजवळच्या समुद्रात. बॅग चढली होती, बॅगेचा मालक चढलाच नव्हता. त्यावरून जो धडा घेतला, की प्रवासी चढला नाही तर त्याची बॅग उतरवायची, त्यात कोणाला शंका आहे? त्यापायी फ्लाईट पाऊण तास लेट झाली तरी मी हूं की चूं करणार नाही. २४ डिसेंबर १९९९ चं काठमांडूवरून निघालेलं आयसी ८१४, कंदाहार, तीन अतिरेकी सोडावे लागले, त्यानंतर २००० पासून आपल्या विमानतळांवर सीआयएसएफ आली. तेही ठीकच. हे उपाय ज्या भोकातून उंदीर येतो ते भोक बुजवतात.

नियम येतो तसा जात का नाही

मला सगळ्यात रोचक वाटलं ते हे. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेने मध्यपूर्वेतल्या आणि आसपासच्या १० विमानतळांवरून येणाऱ्यांना लॅपटॉप हातात आणायला बंदी केली. चार महिन्यांत, जुलैपर्यंत, ती उठलीसुद्धा. धोका चार महिन्यांत संपला? नाही. बिझनेस क्लासवाला लॅपटॉपशिवाय १४ तास बसणार नाही, आखाती कंपन्यांचं नुकसान दिसायला लागलं, त्यांनी तपासणी वाढवून दिली, बंदी गेली. म्हणजे ज्याचं दुखतं त्याच्याकडे वजन असेल तर नियम चार महिन्यांत सुटतो. तुपाच्या बरणीमागे कोणाचं वजन?

कोविड आला तेव्हा मार्च २०२० मध्ये अमेरिकेत हँड सॅनिटायझरची मर्यादा एका फटक्यात १२ औंस, म्हणजे साडेतीनशे मिलीच्या वर गेली. जेल तेच, मशीन तीच, बघणारा माणूस तोच. काल धोक्याचं होतं ते आज चाललं. आणि गंमत म्हणजे शाम्पूला मात्र १०० च.

अहो २००५ ते २००९ अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा प्रमुख असलेला किप हॉली, ज्याच्या कारकिर्दीत हा नियम आला, त्याने स्वतः २०१२ मध्ये लिहिलं की आता सगळे द्रव जाऊ द्यायला हरकत नाही, मशीनचं सॉफ्टवेअर आणि लाईनीची व्यवस्था बदलली की झालं. लावणारा म्हणतोय काढा, तरी काढला नाही, कारण ठेवल्याबद्दल कोणाची नोकरी जात नाही, काढल्यावर उद्या काही झालं तर सही कोणाची होती ते शोधतात. मला त्या सहीवाल्याचा रागही येत नाही, त्याच्या जागी मीही फाईल खाली सरकवली असती.

आपल्याकडे मात्र एक नियम चक्क गेलेला आहे. हँडबॅगच्या टॅगवरचा शिक्का आठवतो? शिक्का नसेल तर गेटवरून परत सिक्युरिटीला, विमान सुटायला दहा मिनिटं असली तरी. १ एप्रिल २०१७ पासून मुंबई, दिल्लीसह सात विमानतळांवर तो बंद झाला, आधी चाचणी घेऊन, कॅमेरे बसवून. कोणाला त्याची आठवणही येत नाही आता. म्हणजे जमतं. आधी थोड्या ठिकाणी करून बघा, काय होतं ते मोजा, मग सगळीकडे काढा, इतकं साधं.

बूटही अखेर गेले, जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने ती सक्ती उठवली. द्रवाचं मात्र रडत रडत चाललंय. ब्रिटनने ठरवलं की बॅगेचं आतून त्रिमितीय चित्र दाखवणारी सीटी मशीन जून २०२४ पर्यंत मोठ्या विमानतळांवर बसवायची आणि मर्यादा दोन लिटर करायची. काही छोट्या विमानतळांनी मेहनतीने वेळेत बसवली, आणि ९ जून २०२४ ला सरकारने त्यातल्याच सहा जणांना सांगितलं की तूर्तास परत १००. १ सप्टेंबर २०२४ पासून युरोपनेही तसंच केलं. ज्यांनी आधी पैसे घातले तेच उल्लू. मग २०२५ मध्ये गाडी परत रुळावर आली, आणि जुलैत एडिनबराने १०० मिली काढून टाकलं.

माझा निकाल विचाराल तर ऑगस्ट २००६ ची बंदी पूर्ण योग्य, पुढची वर्ष-दोन वर्षं १०० मिली समजण्यासारखं, आणि त्यानंतरचं सगळं धोक्याशी नातं तुटलेलं. आणि चूक १०० या आकड्यात नाही. पहिल्याच दिवशी नियमावर संपायची तारीख घातली असती, की अमुक दिवशी हा आपोआप जाईल, ठेवायचा असेल तर ज्याला ठेवायचा त्याने कारण आणि आकडे द्यावेत, तर मग सहीवाल्याची भीती उलट्या बाजूने चालली असती. औषधाच्या पाकिटावर असते तशी तारीख.

तर मावशी. फेब्रुवारीत ती एकटीच परत आली, व्हीलचेअर असिस्टन्स घेऊन. लेकीने दोन बरण्या मार्मलेड दिलेलं, संत्र्याचं, आणि सांगितलेलं की आई इथे चालतं, हातातच ने. एडिनबराला खरंच कोणी बघितलंही नाही, बॅगेतून काढायलाही सांगितलं नाही, मावशी खूश. मधे एका विमानतळावर विमान बदलायचं होतं, तिथे परत सिक्युरिटी, परत बेल्ट थांबला, मागे गेला, पुढे आला. दोन्ही बरण्या गेल्या. घरी आल्यावर मी विचारलं भांडलीस का, तर म्हणाली नाही रे, या वेळी तो शब्द काढला नाही तोंडातून. "आणि बरण्या प्लास्टिकच्या होत्या, आवाजपण नाही झाला."